सात वेळा टकटक

नाना पेठेतल्या एका अरुंद बोळात युसूफ तांबोळी यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दीड माणूस बसेल एवढी खोबण. पण लक्ष्मी रोडवरच्या मोठ्या शोरूमनी हात टेकलेली घड्याळं तिथे येत आणि चालू होऊन जात. पुढे लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले, मनगटं मोकळी झाली आणि युसूफभाई दिवसदिवस वर्तमानपत्र वाचत बसू लागले. तेव्हा त्यांची बावीस वर्षांची मुलगी नूरबानू म्हणाली, "अब्बा, भिंग तेच, चिमटा तोच. मशीन तेवढं बदललंय." तिने मोबाइलदुरुस्तीचा वर्ग लावला. अठ्ठावीस मुलगे आणि ही एकटी. तीन महिन्यांत ती शिकवणाऱ्याच्या चुका दाखवायला लागली, तेव्हा त्याने मुदतीआधीच प्रमाणपत्र देऊन तिला वाटेला लावलं.

युसूफभाई जाऊन आता अकरा वर्षं झाली. दुकान नूरबानूचं झालं. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "भाऊ नाहीत का?" ती मान वर न करता म्हणायची, "भाऊ नाही, मी आहे. फोनला काय झालंय ते सांगा." ज्यांना पटायचं नाही ते पुढच्या दुकानात जायचे आणि बहुतेक आठवड्याभरात परत यायचे. परत आलेल्यांना ती एका शब्दाने टोचत नसे. हातातलं काम बोलतं, आपण कशाला बोला, असा तिचा हिशेब.

अशा या दुकानात एका मंगळवारी सकाळी वासंती लिमये आल्या. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर. त्यांचं मनगटी घड्याळ युसूफभाईंनीच सांभाळलेलं. मुलाने धायरीला फ्लॅट घेतल्यापासून त्या तिकडे राहत होत्या. तरी काही बिघडलं की बस पकडून पेठेत येत. सगळं जग त्यांना 'बाई' म्हणे, नूरबानूही तेच म्हणायची.

"नूरबानू, हा फोन आता माझा राहिलेला नाही," बाईंनी फोन काउंटरवर ठेवला. "मीच त्याची झालेय. तो बोलावतो तेव्हा मी जाते."

"काय करतो?"

"मुलीला फोन लावायला घ्यावा, तर मध्येच पडदाभर गुडघ्याच्या पट्ट्यांची जाहिरात. दुपारी बाराला बॅटरी संपते. आणि काल एका परक्या माणसाचा फोन आला, 'आजी, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपत आल्या असतील ना?' मी म्हटलं, माझ्या मुलाला माहीत नाही ते तुला कसं ठाऊक?"

"मग?"

"मग काय? धायरीतल्या दुकानदाराने सल्ला दिला, नवीन फोन घ्या. त्याला म्हटलं, डोकं दुखलं की तू डोकंही नवीन घेतोस का?"

नूरबानू हसली नाही. गोळ्यांचं ऐकून तिचं लक्ष फोनवर खिळलं होतं. समोर दिसणाऱ्या चित्रांत नवं काहीच नव्हतं. मग तिने सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या ॲपची यादी उघडली आणि एकेक नाव बोटाने खाली सरकवत गेली. तळाशी करड्या चाकाचं चित्र असलेलं एक ॲप होतं. नाव 'सिस्टीम सेवा'. नाव सरकारी, चेहरा गरीब. पण त्याला मेसेज वाचायची परवानगी होती, संपर्कयादी बघायची होती आणि पडद्यावर कशाच्याही वर येऊन बसायचीही होती. औषधाच्या दुकानातून येणारे मेसेज कोण वाचत होतं, ते कळलं.

तिने ॲप काढायला घेतलं, तर काढून टाकायचं बटणच फिकट. दाबलं तरी दाबलं जात नव्हतं. या ॲपला कुणीतरी फोनच्या कारभाऱ्याचा अधिकार देऊन ठेवला होता. तो अधिकार काढायच्या पानावर ती गेली, तर पान आपोआप मिटलं. पुन्हा गेली, पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा तिने झपकन बोट मारलं, पण ॲप तिच्याहून चपळ निघालं.

"शहाणा आहे," नूरबानू पुटपुटली. आता तिच्या डोळ्यांत चमक आली. "बाई, हे चुकून झालेलं नाही. कुणीतरी डोकं लावून बसवलंय."

"निघेल का?"

"बसवणाऱ्याला डोकं आहे, मला पण आहे."

तिने फोन बंद केला आणि बटणं धरून सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात फोन फक्त आपली मूळची ॲप चालवतो, बाहेरून आलेली झोपवून ठेवतो. करड्या चाकाचा पाहुणाही झोपला. नूरबानूने शांतपणे त्याचा अधिकार काढला, मग बटण दाबलं. या वेळी ते दाबलं गेलं. सगळं मिळून दहा मिनिटं. दुसरी कुणी असती तर फोन पुसून परत दिला असता. नूरबानू मात्र फोनच्या दाराकडे वळली. चोर गेला, पण आत आला कुठून? शोधता शोधता तिला फोनमधली एक जागा उघडी सापडली, जी सहसा कुणी उघडत नाही.

"बाई, फोनच्या माहितीच्या पानावर बिल्ड नंबर म्हणून एक ओळ असते. तिच्यावर लागोपाठ सात वेळा टकटक केलीत का कधी?"

"मी लोकांची बेलसुद्धा दोनदा वाजवत नाही."

"मग दुसऱ्या कुणीतरी केलीय. सात वेळा टकटक केली की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीचा दरवाजा उघडतो. मग केबल लावून लॅपटॉपवरून फोनमध्ये काहीही घालता येतं. आवाज होत नाही, मालकाला विचारलं जात नाही. फोन कुणाच्या हातात दिला होतात?"

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "शिबिरात."

सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने मोफत मोबाइल तपासणी शिबिर भरवलं होतं. तेजस नावाचा एक तरुण आला होता. गोड बोलणारा, पांढऱ्या टी-शर्टातला. प्रत्येकाचा फोन घेऊन पाच मिनिटं 'वेग वाढवून' परत देत होता. चाळीसेक जणांनी दिले. येत्या शनिवारी उरलेल्यांसाठी दुसरं शिबिर होतं.

"मंडळाचा अध्यक्ष कोण?"

"गोपाळकृष्ण आठल्ये. सरकारी लेखापरीक्षणात होते. स्वतःच्या बायकोने आणलेल्या भाजीवरही शेरा मारतात."

नूरबानूने तिथूनच आठल्ये काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून शांत, कोरडा आवाज आला. "आपलं दुरुस्तीचं दुकान आहे, असं आपण म्हणालात. मोफत शिबिरामुळे आपलं गिऱ्हाईक बुडतंय, हे मी समजू शकतो. परंतु पुराव्याशिवाय मी एका सज्जन मुलावर आरोप करणार नाही. नमस्कार."

फोन बंद झाला. नूरबानूला राग आला. कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला स्वतःला जाणवलं. आपण खोटं बोललो असं कुणी म्हटलं असतं तर तिने सोडून दिलं असतं, पण गिऱ्हाइकासाठी बोललो, हे झोंबलं. दुसरीकडे तिला हेही कळत होतं, की म्हातारा चुकीचं बोललेला नाही. तो पुरावा मागतोय. द्यायला हवा.

"बाई, शनिवारी मी येते," ती म्हणाली. "फक्त माझी ओळख देऊ नका. आणि तुम्हाला थोडं नाटक करावं लागेल."

"तेहतीस वर्षं शाळा तपासणीच्या दिवशी आनंदी दिसत आलेय," बाई म्हणाल्या. "जमेल."

शनिवारी सकाळी दहाला नूरबानू बाईंच्या धायरीच्या सोसायटीत पोहोचली. दुकानातला एक जुना फोन तिने कोरा करून आणला होता. आधी ती आठल्ये काकांच्या घरी गेली आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"काका, त्या दिवशी तुम्ही पुरावा मागितलात. हा घ्या. या फोनमध्ये सिम कार्ड नाही. वायफाय बंद आहे. विमान मोड चालू आहे. आत किती ॲप आहेत, तुम्ही स्वतः मोजा."

आठल्ये काकांनी चष्मा बदलला. यादी दोनदा मोजली. मग कागद मागवला, एकतीस नावं एकाखाली एक लिहिली, तारीख आणि वेळ टाकली, खाली सही केली. सही करताना त्यांचा चेहरा कित्येक वर्षांनी कामावर रुजू झालेल्या माणसासारखा दिसत होता.

"आता हा फोन बाई शिबिरात देतील. परत आला की तुम्हीच मोजा. एकतीस भरली, तर मी सगळ्यांपुढे माफी मागते."

सोसायटीच्या हॉलमध्ये तेजसचं टेबल मांडलेलं होतं, रांग लागली होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर त्यांनी फोन पुढे केला. "अरे, हा माझा दुसरा फोन. कासव झालाय नुसता. बघ बरं."

"बसा ना आजी," तेजसने फोन घेतला. त्याचं बोट पडद्यावर भरभर चाललं. तिसऱ्या खुर्चीवरून नूरबानू मोजत होती. एक, दोन, तीन... सात. मग त्याने टेबलाखालून केबल ओढली. रांग मोठी होती, त्याला घाई होती. फोनमध्ये सिम नाही, याकडे त्याने पाहिलंही नाही. पाच मिनिटांनी फोन हसतमुखाने परत आला. "झाला बघा आजी, आता पळेल."

बाईंनी तो सरळ आठल्ये काकांच्या हातात दिला. काका उभ्या उभ्या मोजू लागले. मध्ये थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग त्यांनी माइक हातात घेतला.

"बत्तीस," ते म्हणाले. "तेजस, जरा इकडे या. हे 'सिस्टीम सेवा' काय आहे?"

तेजसचं हसू अर्धवट राहिलं. "सर, ते फोन आपोआप अपडेट होत असतात. आलं असेल काहीतरी."

नूरबानू उठली. "कुठून आलं असेल? सिम नाही, वायफाय बंद, विमान मोड चालू. हवेतून यायची वाटच नाही. या फोनला गेल्या अर्ध्या तासात एकच वाट मिळाली, ती तुझी केबल."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली.

"आपण कोण?" तेजसने विचारलं.

"मी नूरबानू तांबोळी. फोन दुरुस्त करते. वादच नको, असं कर, आलंय तर काढून दाखव. सगळ्यांसमोर."

तेजसने फोन घेतला नाही. "मॅडम, ते सुरक्षेसाठी असतं. काढता येत नाही."

"सुरक्षा कुणाची, आमची की तुझी?" बाईंनी विचारलं. "माझ्या गोळ्या कधी संपतात, यावर कसला पहारा ठेवतोस?"

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या मथुराबाई उठल्या. कधी चार लोकांत न बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मलाही तसेच फोन येतात. मुलगा म्हणाला, आई, तूच कुठेतरी बोट लावलं असशील. मी महिनाभर फोनला हात लावायला भीत होते." मग आणखी एक जण उठले, मग आणखी दोघं. प्रत्येकाला वाटत होतं, की चूक आपल्याच म्हाताऱ्या बोटांची. नूरबानूला सगळ्यात जास्त राग याचा आला. चोरी एक वेळ समजते. पण या मुलाने चाळीस शहाण्या माणसांना आपण अडाणी आहोत असं वाटायला लावलं होतं.

"तुमच्यापैकी कुणाचीही चूक नाही," ती मोठ्याने म्हणाली. "हे ॲप दिसू नये आणि निघू नये म्हणूनच बनवलंय. इंजिनियर असता तरी फसला असतात."

तेजसने लॅपटॉप मिटायला घेतला. आठल्ये काकांनी त्याच्यावर आपला हात ठेवला. "राहू द्या. मघाशी सगळे बोलत असताना मी सायबर पोलिसांना फोन केला आहे. ते येईपर्यंत हा टेबलावरच असेल. आपण जाऊ शकता. पण आपला पत्ता माझ्याकडे आहे, शिबिराच्या अर्जावर आपणच लिहिला आहे."

तेजस गेला नाही. खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. थोड्या वेळाने नूरबानूला हळूच म्हणाला, "ताई, मला फक्त केबल लावायला सांगितलं होतं. आत काय जातं, ते मी कधी विचारलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "न विचारणं हेच तुझं काम होतं. आता पोलीस विचारतील, तेव्हा सगळं सांग. तेवढं तरी नीट कर."

त्याने सांगितलं. त्याला पाठवणारा माणूस शहरभर अशी शिबिरं भरवायचा आणि म्हाताऱ्या माणसांची औषधं, आजार, नातेवाइकांचे नंबर गोळा करून विकायचा. त्याच्या ऑफिसला दोन दिवसांत कुलूप लागलं, तो पसार झाला, पण पुढच्याच महिन्यात सापडला. खटला अजून चालू आहे. पंचनाम्याला आठल्ये काकांची ती सही केलेली यादी जोडलेली आहे, आणि ते ही गोष्ट भेटेल त्याला सांगतात. नूरबानूची माफी मात्र त्यांनी तिच्या दुकानात येऊन, उभ्याने मागितली. "मी आपल्याबद्दल चुकीचा शेरा मारला होता," एवढंच म्हणाले. तिने त्यांना स्टूल दिलं.

पुढचे तीन रविवार नूरबानू धायरीला गेली. एक्केचाळीस फोन होते. पहिले पाच तिने स्वतः साफ केले. सहावा मथुराबाईंचा होता. तो तिने त्यांच्याच हातात दिला. "आता तुम्ही करा. मी नुसती बसते." मथुराबाईंनी बोट पुढे केलं. फोन बंद झाला, सेफ मोडमध्ये उघडला, अधिकार निघाला. शेवटचं बटण दाबून त्यांनी यादी दोनदा पाहिली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "गेलं." मग त्याच शेजारच्या काकूंना दाखवू लागल्या. तिसऱ्या रविवारी वासंतीबाईंनी फळा मागवला, फोनची आकृती काढली आणि आत यायच्या सगळ्या वाटा नकाशासारख्या समजावल्या. कुणाच्या हातात फोन द्यायचा नाही, दिला तर त्याच्याकडे बघत बसायचं, आणि महिन्यातून एकदा यादी वाचायची. पाढे म्हणावेत तसे त्यांनी हे नियम सगळ्यांकडून म्हणून घेतले.

आता लोणी काळभोरहून, वाघोलीहूनही बोलावणी येतात. नूरबानू रविवारी दुकान बंद ठेवते आणि जाते. मागच्या महिन्यात वाघोलीच्या एका सोसायटीत हिंदुराव नावाचे निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. स्वतःचा फोन स्वतःच्या हाताने साफ करून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"ताई, नीट बघा. आता आत नको असलेलं काही नाही ना?"

तिने यादी वरून खालपर्यंत पाहिली.

"काही नाही. फक्त तुमच्या मुलीचे चार मिस्ड कॉल आहेत. तिला आधी फोन लावा," ती म्हणाली आणि पुढचा फोन हातात घेतला.