मांडीवरचा ॲम्प्लिफायर

महाराष्ट्र राज्य अजून कोवळे होते, त्या काळी मेहकरच्या पंचक्रोशीत भोंग्यावरून दवंडी देणाऱ्या निजामची मोटारसायकल दिसण्याआधी ऐकू येई. हँडलवर भोंगा, मागे आंब्याच्या लाकडाच्या पेटीत ॲम्प्लिफायर. तंबूतला सिनेमा असो वा देवीची लस टोचण्याची खबर, गावोगाव तीच वाणी पोचे. पण जुन्या यंत्राचा आवाज पांदणीपलीकडच्या शेतापर्यंत जात नसे, हे शल्य त्याला फार दिवस होते. अखेर ते जुने यंत्र देऊन त्याने मलकापूरहून पत्र्याच्या पेटीतले नवे यंत्र आणि दोन मोठे भोंगे आणले. त्याच्या दुकानातल्या लाकडी मेजावर ते यंत्र असे गर्जले, की समोरच्या हॉटेलातली माणसे कप ठेवून बाहेर आली. खडकाळ वाटेवर हलू नये, म्हणून निजामने ते लोखंडी पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याशी आवळून टाकले. तारा तेवढ्या जोडायच्या राहिल्या होत्या.

इतक्यात धान्याचे व्यापारी उत्तमराव धापा टाकीत आले.

"निजामभाऊ, घात झाला! पेरणीचं बियाणं आजच्या बाजारात खायची जवारी म्हणून विकल्या गेलं. औषध लावेल हाये त्याले, जहर हाये!"

"औषधाचा रंग नाही दिसला कोणाले?"

"माह्या गुमास्त्यानं गिऱ्हाइकाले सांगतलं, धुतलं का रंग जाते. घाटावरच्या वस्त्यांनी नेलं. कोणी नेलं, ते त्याले आठवून नाही राह्यलं."

दिवस कलला होता. चुली पेटण्याच्या आत सांगणे भाग होते. निजामने उत्तमरावांना मागे बसवले आणि गाडी घाटाकडे सोडली.

पहिल्या वस्तीच्या टेकाडावर थांबून त्याने तारा बॅटरीला जोडल्या. ठिणगी उडाली, जळका वास आला आणि बॅटरीजवळचा फ्यूज गेला.

"काऊन बे, नवी चीज ना ही? का नुसता धूर काढते?" उत्तमराव मागून ओरडले.

निजामपाशी एकच फ्यूज उरला होता. तोही गेला तर त्याचा गळा आणि टेकाडाखालची घरे यांच्यामध्ये वाऱ्याखेरीज काही नव्हते. खाली एका छपरातून धूर निघू लागला. तरी त्याने घाई केली नाही. मेजावर जे गर्जले, ते लोखंडावर का मेले? त्याच्या गाडीच्या सांगाड्याला बॅटरीची धन बाजू जोडलेली होती. या नव्या पेटीच्या पत्र्याला ऋण. जुन्या यंत्राला लाकडाच्या पेटीने आजवर लोखंडापासून दूर राखले होते. येथे लोखंडी पट्ट्यांनी त्याने स्वहस्ते धन-ऋणाची थेट गाठ घातली होती!

त्याने पट्ट्या सोडल्या. "सेठ, मांडीवर घ्या. गाडीच्या लोखंडाले लागू देऊ नका, जीव गेला तरी."

नवा फ्यूज बसला, तारा जुळल्या. क्षणभर काहीच नाही. मग भोंगे घरघरले.

"ऐका हो! बाजारातली जवारी दळू नका, रांधू नका! जहर हाये!"

वस्तीमागून वस्ती गेली. पेटी तापत चालली. उत्तमरावांच्या धोतराखाली मांड्या भाजू लागल्या, तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही. शेवटची वस्ती खोल नाल्यापलीकडे होती, तिकडे गाडी जात नव्हती. काठावरून निजाम ओरडत राहिला. पलीकडच्या घरांतून धूर चढतच होता. ऐकले की नाही, कळेना. बॅटरी उतरली, शब्द घोगरे झाले, मग मिटले.

तेव्हा एक बाई परात घेऊन दाराबाहेर आली. वस्तीतली भिमाबाई होती ती. तिने भिजवलेले पीठ उकिरड्यावर ओतले आणि हात तोंडाशी धरून हाक दिली, "ओ भोंगेवाले! कोणी घास नाही घेतला अजून! कोंबड्या धावल्या ना पिठावर, हाकलू का?"

"हाकला, माय, हाकला! अन् पीठ गाडून टाका!" बंद पडलेला माईक तोंडाशी धरूनच निजाम ओरडला.

मागे उत्तमराव खाली बसले होते. पेटी अजून त्यांच्या मांडीवरच होती.