कोलांट्या मारणारा चास

शिरूरच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं; पण एका इंग्रजी नावाचा अर्थ मला कळला तो कासुर्डीत, बालमित्राच्या बांधावर. चास पक्ष्याला इंग्रजीत रोलर म्हणतात. विजेच्या तारेवर बसलेला हा बुवा अगदीच मळकट दिसतो. पण चैत्रात मादीला भुलवायला तो उंच चढतो आणि तिथून निळे पंख उधळत, या कुशीवरून त्या कुशीवर लोळत खाली येतो. त्या लोळण्यावरूनच त्याला ते नाव पडलं.

मी हे सांगितलं तेव्हा मित्र मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजी गोऱ्यांनी बी बांधावर बसून बघितलंच म्हणायचं!"

मग दर चैत्रात मी मोटारसायकलवर न्हावरे, चौफुला करत त्याच्याकडे जायचो. संध्याकाळी चास ज्या बाभळीवर मुक्कामाला येतो, ती मी फक्त मित्रालाच दाखवली होती. दुसऱ्या कुणापाशी कधी बोललो नाही.

यंदा तो सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला. दसऱ्याला चास दिसला की वर्ष चांगलं जातं, असं म्हणतात. ज्याला अख्ख्या गावाची मतं हवीत, तो पक्षी दिसायची वाट कशाला बघेल? दसऱ्याच्या दिवशी मी पोचलो तर प्रचाराच्या मंडपात पिंजरा टांगलेला, आणि आत आमचा चास. लोक रांगेनं दर्शन घेत होते आणि मित्र माइकवरून सांगत होता, "इंग्रज ह्याला रोलर म्हणत्यात, का तर ह्यो हवेत लोळतो!" शब्द न शब्द माझा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तडक पिंजऱ्याचं दार उघडायला गेलो. त्यानं हसत माझं मनगट धरलं.

"उघड की मास्तर. पंख छाटल्यात, कुठं जातोय? तुझ्याच बाभळीवर घावला बघ."

अंगाचा तिळपापड झाला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं, याचा जास्त संताप आला.

त्यानं खिशातून आपट्याची पानं काढली. "सोनं घे, सोन्यासारखा ऱ्हा."

दसऱ्याला वैऱ्याच्या हातचंसुद्धा सोनं नाकारू नये. तो वैरी असता, तर मी घेतलं असतं.