खोपीत परत गेलेली मावशी

पाचूबंदरची मावशी त्या दिवशी माझ्या दारात रिकाम्या हाताने आली. डोक्यावर पाटी नव्हती. मी लग्न होऊन वसईत आले तेव्हापासून मासळी तिच्याकडूनच घेत आले. बोंबील असो की मांदेली, भावावरून ती माझ्याशी कधी अडून बसली नाही. गुडघे गेले तसं तिने फिरणं थांबवलं आणि आमची गाठ फक्त रविवारी, ती चर्चमधल्या मिस्साहून परतताना पडू लागली. म्हणून आडवारी तिला दारात पाहून मी चमकले. ती आत आली, पण खुर्चीवर बसली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, तुझ्या संडासात जाऊन येऊ?"

बाहेर आल्यावर तिने चहा घेतला आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा समुद्रातून परतला नाही तेव्हा मुलगा पाळण्यात होता. मासळी विकून तिने त्याला वाढवलं, बंदराजवळचं घर राखलं. मुलाचं लग्न झालं, एक नात झाली. मग मुलाने घरावर मजला चढवायचा ठरवला आणि त्यासाठी घर आपल्या नावावर पाहिजे म्हणून तिला वकिलाकडे नेलं. तिने बक्षीसपत्रावर अंगठा उठवला. मी विचारलं, तुला फसवून नेलं का? ती नाही म्हणाली. तिला सगळं समजत होतं.

मजला झाला. तळमजल्यावर भाडेकरू आला. तिची खाट आधी जिन्याखाली गेली, मग मागच्या खोपीत, जिथे पूर्वी जाळी ठेवायचे. सून कामाला निघताना घराला कुलूप लावायची, आणि मोरी, संडास सगळं कुलपाच्या आत. शेजारणींकडे रोज जायला तिला लाज वाटे. गावात चर्चा नको म्हणून ती रिक्षा करून पारनाक्यापर्यंत, माझ्याकडे आली होती.

मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले त्यानंतर आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊ लागले होते. तिथे मला एवढं कळलं होतं की आईवडिलांनी घर दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. वकील लावावा लागत नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, म्हणजे नको. मग ती आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागली. एकदा रिक्षा मिळाली नाही आणि माझ्या जिन्यातच तिचं लुगडं खराब झालं. मी तिला आंघोळ घातली, माझा गाऊन दिला. गाऊन घालून ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिथूनच म्हणाली, "चल. कुठं जायाचं तिथं चल."

संघाच्या अध्यक्षांनी तिच्या वतीने अर्ज केला. सुनावणीला मुलगा आला. दांडगा, उन्हाने काळवंडलेला माणूस, साहेबांसमोर हात जोडून उभा. त्याने काही नाकारलं नाही. आईला मी टाकलेलं नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मावशी त्याच्याकडे बघत नव्हती. शेवटी निकाल तिच्या बाजूने लागला. भाडेकरू निघाला, तळमजल्यावरची समुद्राकडची खोली तिला मिळाली. जेवण, औषधपाणी मुलाने बघायचं ठरलं. संघात पेढे वाटले. मीही खाल्ला.

त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. मला वाटलं, आता गरज उरली नाही, बरंच झालं. थोड्या दिवसांनी मीच पाचूबंदरला गेले. खोली स्वच्छ होती. नवी गादी, पंखा, कोपऱ्यात येशूची तसबीर. मी बसलेली असताना सून आली, झाकलेलं ताट स्टुलावर ठेवलं आणि निघून गेली. माझ्याकडे नाही, मावशीकडेही तिने पाहिलं नाही. वर कुठेतरी टीव्ही लागला होता, नात हसत होती. मी विचारलं, पोर खाली येत नाही का? मावशी म्हणाली, तिला सांगितलंय, आजीने बापाला कोर्टात उभं केलं. मुलगा दाराबाहेरून जातो, औषध खिडकीत ठेवतो. सगळं वेळच्या वेळी. कागदात लिहिलंय त्यापेक्षा एक दाणा कमी नाही. तोंडातून मात्र शब्द नाही, आणि तो बोलत नाही म्हणून घरातलं कोणीच बोलत नाही.

मुलगा जाळी विणत बसला होता तिथे जाऊन मी त्याला गाठलं. आईशी बोलायला काय हरकत आहे, असं विचारलं. त्याने हात थांबवले नाहीत. "साहेबांनी जे दे म्हनून सांगितलं, ते सगळं देतो, बाय," एवढंच म्हणाला.

त्याच सुमारास जूचंद्रजवळच्या एका नव्या हॉलमध्ये ज्येष्ठांच्या हक्कांवर राष्ट्रीय परिषद भरणार असल्याचं अध्यक्षांनी सांगितलं. देशभरातून वकील, निवृत्त न्यायाधीश, संस्थांचे लोक येणार होते. आयोजकांना कायद्याने न्याय मिळालेली एखादी स्थानिक व्यक्ती मंचावर हवी होती. अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर मावशीच होती. तिला तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांपुढे तिने मनातलं सांगितलं तर काहीतरी मार्ग निघेल. ती आली, पण माझ्या शब्दाखातर.

हॉलमध्ये एसीने हुडहुडी भरत होती. मावशीने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. सगळ्यांना कापडी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या. सकाळभर इंग्रजी आणि हिंदीत भाषणं झाली. कायद्यात कोणत्या त्रुटी आहेत, कुठल्या राज्यात अंमलबजावणी कशी आहे. चांगली, मनापासून केलेली भाषणं होती. मला पुष्कळ नवं कळलं. मावशीला काहीच कळत नव्हतं आणि ती एकदाही उठली नाही. जेवणाच्या आधी तिला मंचावर बोलावलं. शेजारी एक तरुण वकील मुलगी दुभाषी म्हणून उभी राहिली. विचारलं गेलं की निकालानंतर आयुष्यात काय फरक पडला.

मावशीने माईककडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. तिच्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जेवन मिलतं. पानी मिलतं. खोली हाय. कोन बोलत नाय."

मुलीने इंग्रजीत सांगितलं की यांना आता अन्न, पाणी, निवारा मिळतो आणि यांना कुणी त्रास देत नाही. टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. मावशीने टाळ्या वाजवणाऱ्यांना हात जोडले. तिला वाटलं असावं, ते शेवटचं वाक्य सगळ्यांना कळलं.

जेवणाच्या रांगेत मी त्या मुलीला गाठलं आणि मावशी काय म्हणाली होती ते सांगितलं. ती गोरीमोरी झाली. खोटं बोलणारी मुलगी नव्हती ती. म्हणाली, "काकू, 'कोणी बोलत नाही' म्हणजे कोणी ओरडत नाही, टाकून बोलत नाही, असं मला वाटलं. आम्ही घरी तसंच म्हणतो." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला तिलाच समजवावं लागलं.

दुपारच्या प्रश्नोत्तरांत मी उठून उभी राहिले. आयुष्यात कधी एवढ्या लोकांसमोर बोलले नव्हते. मोडक्या हिंदीत विचारलं की घर मिळालं, अन्न मिळालं, पण घरातल्यांनी बोलणंच टाकलं, तर त्याला कायद्यात काही आहे का? मंचावर एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी माईक जवळ घेतला. म्हणाले, नाही. कायदा मुलाला दार उघडायला लावू शकतो, आईची चौकशी करायला लावू शकत नाही. समुपदेशनाचा प्रयत्न करा, असंही त्यांनी सुचवलं. त्यांच्या उत्तरात फसवणूक नव्हती, म्हणून राग धरायलाही जागा नव्हती. सूत्रसंचालकाने पुढचा प्रश्न घेतला.

परतताना रिक्षात मी तिला न्यायाधीश काय म्हणाले ते सांगितलं. लपवून काय उपयोग होता? मावशी म्हणाली की ती खोली सोडून खोपीत परत जाणार.

मी संतापले. म्हटलं, एवढं सगळं केलं ते कशासाठी? तुझं घर आहे, तुझा हक्क आहे. आणि पुन्हा कुलूप लागलं तर काय करशील? ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू. मी गप्प बसत नाही हे पाहून तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. "बाय, खोपीत होती तवा पोरगी शाळेतून येऊन माज्याजवल बसायची. बापाला ठावं होतं, पन काय बोलायचा नाय. हिकडं खोलीत मी जिंकलेली हाय ना. जिंकलेल्या मानसाकडं कोन येतं?"

ती खरोखरच गेली. गादी, पंखा तिथेच ठेवून, तसबीर तेवढी घेऊन. अध्यक्ष माझ्यावर चिडले; आपण तिला पुन्हा अन्यायात ढकललं, असं त्यांचं म्हणणं होतं. खोलीला पुन्हा भाडेकरू आला. घराला मात्र कुलूप लागेनासं झालं. मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं. नात लगेच आली नाही. खूप दिवसांनी आली, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून गेली. पुढे बसू लागली, असं मावशी म्हणाली. मी स्वतः तिला तिथे बसलेली कधी पाहिली नाही, म्हणून खात्रीने सांगू शकत नाही.

थंडीत मावशीच्या छातीत कफ झाला. खोपीला एका बाजूला नुसता पत्रा होता, वारा थेट आत यायचा. मुलाने तिला दवाखान्यात नेलं, नेलं ते उशिरा. ती परत आली नाही.

मयताला मी चर्चमध्ये गेले. बाहेर पडताना मुलगा माझ्यापाशी येऊन थांबला. मला वाटलं, आता हा मला बोल लावणार. त्याने विचारलं, "शेवटी शेवटी ती माज्याबद्दल काय म्हनायची?" मी म्हटलं, काही नाही. तुला एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. तो चर्चच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेबांच्या समोर मान खाली घालून उभा होतो, ती तिनं पायली. त्याच्यानंतर तिच्यासमोर तोंड उघडायला गेलो का औषध खिडकीत ठेवून माघारी वलायचो. आज बोलू, उद्या बोलू म्हनत रायलो." मग फादरांनी हाक मारली म्हणून तो गेला. सून नातीचा हात धरून पुढे चालली होती.

त्याच्याबद्दल मला दया वाटली आणि ती दया मला आवडली नाही. माणूस लाजेने गप्प राहिला असेल, पण त्या गप्प राहण्याखाली त्याची आई पत्र्याच्या खोपीत खोकत होती.

संघात मी अजून जाते. मध्यंतरी वटार गावचे एक गृहस्थ आले होते. वाडी मुलाच्या नावावर केली आणि आता मुलगा विहिरीवर येऊ देत नाही, अशी त्यांची तक्रार. बायको सोबत होती, ती सगळा वेळ जमिनीकडे बघत होती. मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी विचारलं की याने पोराशी संबंध बिघडतील का.

अध्यक्ष काही बोलायच्या आत मी म्हटलं, "हो, बिघडतील."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडेच बघत होती. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.