ओइवा आणि वाफ धरलेली डिस्क

आमच्या तळ्याकाठी माणसं कमी बोलतात. ती कसर ओइवा एकटा भरून काढतो. उभं आयुष्य त्याने दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाल्यावर तो लोकांनी अडगळीत टाकलेले लॅपटॉप उचलून आणू लागला. त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून परत करायचा आणि मोबदल्यात एक कप कॉफी घ्यायचा. कॉफीबरोबर त्याचं भाषण ऐकावं लागे: "यंत्र खोटं बोलत नाही. ते काय सांगतंय, आधी नीट वाचा."

गावातली लेम्पी समोर आली की मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटते. गावाला हे ठाऊक आहे. लेम्पीलाही असावं.

लेम्पीचा भाऊ ओनी अकॉर्डियन वाजवायचा. तो गेला आणि मागे एकच वॉल्ट्झ, जोडीने नाचायचं गाणं, राहिला, एका सीडीच्या डिस्कवर. लेम्पी ती डिस्क घराबाहेर नेऊ देत नसे. या हिवाळ्यात मात्र तिने जाहीर केलं, "गावच्या नाचाला मी ओनीचा वॉल्ट्झ आणते. बायकांची बारी आली की तो लावा. मी नाचले तर त्याच्यावरच."

आमच्याकडे बायकांच्या बारीत बाई येऊन हात पुढे करते. पुरुषाने नाही म्हणायचं नसतं आणि जोडीने दोन गाणी नाचायची असतात. वॉल्ट्झ वाजवायचं काम ओइवाने मागून घेतलं.

त्या संध्याकाळी तो कडाक्याच्या थंडीत, गोठलेल्या तळ्यावरून, लॅपटॉप बर्फावरच्या ढकलगाडीला बांधून आला. सभागृहात भट्टी धगधगत होती आणि कॉफीची किटली उकळत होती. त्याने थेट भट्टीजवळच्या टेबलावर यंत्र मांडलं, लेम्पीची डिस्क आत सरकवली आणि आज्ञा टाइप केली.

पडद्यावर उमटलं: माध्यम सापडले नाही.

"सापडलं नाही म्हणजे काय? तुझ्या तोंडात तर आहे!" ओइवा पुटपुटला.

"रागावू नकोस बाबा त्याच्यावर," शेजारच्या बाकावरून ताउनो म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाही. नीट वाच."

ताउनोच्या गाडीत जुना कॅसेट प्लेयर होता, आणि नाचात त्याचे पाय ओइवापेक्षा हलके होते. ओइवाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने यंत्राला विचारलं, डिस्क वाचणारा ड्राइव्ह दिसतो का? दिसत होता. म्हणजे ड्राइव्ह जिवंत होता. मग त्याने स्वतःची एक जुनी डिस्क घातली. तीही सापडेना. म्हणजे लेम्पीची डिस्क निर्दोष. एवढं कळलं, पण डिस्क काही माउंट होईना, यंत्राला जोडलीच जाईना.

"काय झालं रे?" लेम्पी जवळ आली.

"होईल. होतंय," ओइवा म्हणाला, आणि लाल झाला.

"कॅसेट आणू का? पोल्का आहे," ताउनोने आशेने विचारलं.

"पोल्कावर तू एकटा नाच," लेम्पी म्हणाली.

तेवढ्यात दार उघडून उशिरा आलेलं एक जोडपं आत शिरलं. दोघांच्या चष्म्यांवर क्षणात वाफ धरली. दोघंही दाराशीच उभी राहिली, आम्ही सगळे राहतो तशी. चष्मा ऊब धरेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही, हे इथे बाळसुद्धा शिकतं. ओइवा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला.

"डिस्क वाचणारं याचं भिंगपण वाफेने आंधळं झालंय!"

त्याने ड्राइव्हचा खण उघडा ठेवला, लॅपटॉप भट्टीपासून दूर नेला आणि खुर्चीवर बसला. दुसऱ्यांना 'आधी नीट वाचा' म्हणून थांबवणारा माणूस बसल्या जागी वळवळत होता. गावच्या वादकांची दोन-तीन गाणी सरली. बायकांची बारी पुकारली गेली. त्याने डिस्क घातली, आज्ञा टाइप केली. या वेळी यंत्र काहीच बोललं नाही. लिनक्समध्ये गप्प बसणं म्हणजे होकार. आमच्या गावासारखंच.

ओनीचा अकॉर्डियन सुरू झाला. लेम्पी ताउनोच्या बाकापर्यंत गेली, तो सावरून बसला, आणि ती पुढे निघून टेबलाशी आली. हात पुढे केला.

ओइवा नाचला, म्हणजे टँकर वळवावा तसा वळला. वॉल्ट्झ संपला. ओनीचं दुसरं गाणं कुठून आणणार, म्हणून सगळे बघत राहिले, आणि तोच वॉल्ट्झ पहिल्यापासून पुन्हा वाजू लागला.

"हे तू आधीच लावून ठेवलं होतंस?" लेम्पीने विचारलं.

"छे गं. यंत्र करतं कधी कधी आपलं आपण."

"यंत्र खोटं बोलत नाही, ओइवा," लेम्पी म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरला.