जनूभाऊंची दोन पावलं

१९८६ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो. जनार्दन कोळंबेकर, म्हणजे आमचे जनूभाऊ, मला पहिल्यांदा दिसले ते एका नाटकासाठी मी उभारलेल्या सेटवर. प्रत्येक खुर्चीवर बसून पाहत होते. खिडकीतून डोकावले, मग फळीवरचा तांब्या उचलून परत ठेवला.

मी विचारलं, “काय हरवलंय?”

“घर माझंय मिस्त्री. पाणी कुठे ठेवलंय ते मला नको माहीत?”

अंबरनाथच्या एका कंपनीत ते लेथवर होते. सुट्टी झाली की तालीम. मी उल्हासनगरला फर्निचर करायचो. शाळा तिसरीपर्यंत, पण लाकडातलं मला कुणी शिकवलेलं चालत नसे. जनूभाऊ म्हणायचे, “शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे. पुढचे काय, फुकट पासवाले.”

त्या नाटकात ते कंपनी बंद पडलेल्या कामगाराचं काम करत. दार उघडून घरी येतात, उंबऱ्यात थांबतात, एक शब्द बोलत नाहीत. नुसत्या चेहऱ्यावर सगळं. पहिल्याच प्रयोगाला मुंबईहून टीव्हीवाले येणार होते, मालिकेतल्या मोठ्या कामासाठी त्यांनाच बघायला.

त्या दिवशी दुपारी मी सेटचं दार बसवलं, तसे जनूभाऊ म्हणाले, “मिस्त्री, हे बाहेरच्या अंगाला उघडू दे. डावीकडच्यांना मी दिसणार नाही.”

“घराचं दार आतच उघडतं. तुम्ही तोंड रंगवा, दार मला शिकवू नका.”

ते हसले. “बरं बाबा. घर तुमचं, आम्ही भाडेकरू.”

प्रयोगात दार आत उघडलं आणि जनूभाऊ त्याच्या आड गेले. डावीकडून कुणीतरी ओरडलं, “ओ काका, दार लोटा की!” सगळं थिएटर हसलं. टीव्हीवाले डावीकडेच बसले होते. मध्यंतरात उठून गेले.

दिग्दर्शक आत येऊन भडकला. “कुणाची चूक ही?”

“माझी,” जनूभाऊ म्हणाले. “दोन पावलं मागे थांबलो.”

मी दोर गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

पुढच्या प्रयोगाआधी मी गुपचूप बिजागऱ्या फिरवल्या. त्यांनी दार उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन चहा सांगितले. तेवढंच.

पुढे टीव्हीवर ते आले, पण बारीकसारीक कामांत. हवालदार, कंपाउंडर, नवरीचा मामा. बदलापूरचे रिक्षावाले त्यांना “मामा” म्हणायचे. ते म्हणायचे, “कॅमेऱ्याच्या कानात बोलावं लागतं मिस्त्री. आपला घसा म्हातारीसाठी घडवलेला.” मोठं काम काही परत चालून आलं नाही.

सत्त्याण्णवला ते हार्टने गेले. शोकसभेत एका नटाने सांगितलं, “जनूभाऊ स्वतःच म्हणायचे, मोठा रोल मी दोन पावलांनी घालवला.” लोक प्रेमानं हसले. पुढे बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्याही हसल्या, डोळे पुसत. अकरा वर्षं तो माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर सांगत फिरला होता. मला बोलायला उठवलं. “चांगला माणूस,” एवढं म्हणून मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बदलापुरात कात्रपला त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, “आत या ना, मिस्त्री.”

मी चप्पल काढली नाही. म्हणालो, “आधी ऐका वहिनी. त्या प्रयोगात जनूभाऊ चुकले नव्हते. दार मी उलटं लावलं होतं. त्यांनी सांगूनसुद्धा.”