शंभरावा देश आणि गवारीच्या शेंगा

शंभर देशांतल्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलणं झालं की एक प्रमाणपत्र मिळतं. नव्वदच्या दशकात माझे नव्याण्णव देश होऊन दीड वर्ष उलटलेलं, आणि शंभरावा मिळत नाही म्हणून मी घरात रुसलेल्या जावयासारखा वागत होतो.

आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला राहायचो. आजूबाजूच्या कारखान्यांमुळे रेडिओत सतत खरखर. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, की खरखर गायब. मी तिथल्याच एका कारखान्यात, म्हणजे मलाही सुट्टी. शुक्रवार हा माझा रेडिओचा वार. बायकोच्या मते तो घरकामाचा होता, पण रेडिओचा परवाना माझ्याकडे होता.

"सीक्यू, सीक्यू", म्हणजे कुणी आहे का, असं तासन्‌तास ओरडून घसा बसायचा. म्हणून मी आवाज साठवणारी एक डिजिटल चिप आणली. एकदा बोलायचं, मग तीच पुन्हा पुन्हा हाक मारणार. बटण दाबून मी हाक भरली बारा सेकंदांची. चिप होती वीस सेकंदांची. मी थांबलो की तीही थांबते, असा माझा समज. त्या आठ सेकंदांत स्वयंपाकघरातून बायको काहीतरी म्हणाली, ते मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. तपासायला चिप लावली आणि स्वतःच्या आवाजावर इतका खूश झालो की चार शब्दांतच बंद केली.

शुक्रवारी सकाळी यंत्र सुरू केलं. चिप हाक मारायची, मी हेडफोन लावून नुसता उत्तराची वाट बघायचो. अर्ध्या तासाने कल्याणचे एक निवृत्त मास्तर रेडिओवर आले. तेही आमच्यातलेच.

"गवार निवडून झाली का?" त्यांनी विचारलं.

"कुठली गवार?"

"मला काय ठाऊक? तुमच्या प्रत्येक हाकेमागून वहिनी विचारताहेत, अहो, गवार कोण निवडणार? हाका मारून दमले मी, ऐकताय का?"

चिप उपटायला हात घातला, तेवढ्यात हेडफोनमध्ये एक क्षीण आवाज आला. प्रशांत महासागरातलं टिचभर बेट. माझा शंभरावा देश. मी नोंद केली आणि घरभर नाचलो. ती गवार बायकोनेच केव्हाची निवडली होती.

तीन महिन्यांनी त्या बेटावरून बोलणं झाल्याचं कार्ड आलं. ते हातात पडल्याशिवाय देश मोजत नाहीत. कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, "सीक्यू सगळेच म्हणतात, मी लक्ष देत नाही. पण त्या बाईंना खरंच उत्तर हवंय असं वाटलं, म्हणून थांबलो. त्यांना मिळालं का?"

मी ते मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि शेवटच्या वाक्याला अडखळलो. मनापासून लाज वाटली. बायकोने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं.

"काय म्हणतोय तो शेवटी?"

मी सांगितलं.

"आपली भाषा येत नाही बिचाऱ्याला, तरी कळलं," ती म्हणाली. कार्ड तिने मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि गवारीचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

त्या दिवशी शुक्रवार होता, खरखर अजिबात नव्हती, आणि मी शेंगा निवडत बसलो.