नाईलकाठचं डेंगचं हॉटेल

शांतिसेनेतल्या पोस्टिंगचा कागद आला तेव्हा मी पनवेलजवळ बेलपाड्याला, घरी रजेवर होतो. मी सैन्यात सिग्नल्सचा हवालदार, काम रेडिओ सेटचं. दक्षिण सुदान नकाशात दाखवल्यावर आईने एकच विचारलं, "थं मासली मिलते का नाय?" लढाईचं तिला काही विचारायचं नव्हतं. निघताना तिने दोन किलो घरचा मसाला बॅगेत कोंबला.

मासळी मिळाली. कॅम्पपासून दोन किलोमीटरवर, नाईलच्या काठी, डेंगचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, चार प्लास्टिकची टेबलं, मागे विटांची पक्की कोठी. एका रविवारी गस्तीवरून परतताना तळणीचा वास आला आणि आम्ही थांबलो. बरोबर उरणचा नाईक सुभाष होता. पहिला घास खाऊन म्हणाला, "हवालदार, मासली ताजी हाय, पन मसाल्याची बोंब हाय."

पुढच्या रविवारी मी आईचा मसाला नेला. डेंगने चाखला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला. आठवड्याभरात त्याने दारावर खडूने इंग्रजीत लिहिलं, 'पनवेल फिश'. त्याची बायको अचोल गंभीर बाई. सुभाषच्या इंग्रजीला तेवढी हसायची. डेंगचं आणि आमचं इंग्रजी सारखंच तोडकं, म्हणून जमलं. आठ महिने एकही रविवार चुकला नाही. काही झालं तर फोन कर, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

एका मंगळवारी ०७४० वाजता गावात दोन टोळ्यांचा गोळीबार सुरू झाला. ०७५५ ला डेंगचा फोन आला. माझ्या एका कानाला हेडसेट, दुसऱ्याला मोबाईल.

"भाई, ते पुलापाशी आलेत. मी, अचोल, दोन मुलं. काय करू?"

मी सेटवर मुख्यालयाला म्हणालो, "कंट्रोल, ब्राव्हो वन. सिव्हिलियन फॅमिली, चार जण. गाडी पाठवायची परवानगी द्या. ओव्हर."

"ब्राव्हो वन, वेट, आउट."

सेटवर याचा अर्थ एवढाच की थांबा, नंतर सांगतो, बोलणं संपलं. बारा वर्षं ते शब्द माझ्या तोंडात बसलेले. दुसरी चौकी सेटवर बोलवत होती. मी घाईत डेंगलाही तेच म्हणालो, "वेट, आउट," आणि फोन ठेवला.

०८१० ला पुन्हा परवानगी मागितली. ०८२५ ला उत्तर आलं, "निगेटिव्ह. नो मूव्ह." गाडी फाटकाशी सुरू करून उभी होती, सुभाष स्टिअरिंगवर. तो आमच्या कॅम्पच्या मेजरसाहेबांना म्हणाला, "साहेब, दोनच किलोमीटर हाय."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. त्यांचेही हात वरून बांधलेले होते.

मी डेंगला फोन लावत राहिलो. तो उचलेना. सुभाषने शेवटी इंजिन बंद केलं. सगळी हत्यारं हाताशी असून इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो. अंगावरच्या वर्दीची लाज वाटली.

१६०० ला, म्हणजे दुपारी चारला, परवानगी मिळाली. डेंग हॉटेलसमोर रस्त्याच्या कडेला पडला होता, हाताशी कपड्यांची पिशवी. अचोल आणि मुलं नाल्यात लपून वाचली होती. विटांच्या कोठीवर ओरखडाही नव्हता. मी अचोलला विचारलं, कोठीत का नाही थांबलात?

"तू सांगितलंस ना, वेट आउट. डेंग म्हणाला, भाईची गाडी येतेय, बाहेर थांबायचं."

सुभाषने माझ्याकडे पाहिलं.

पुढे चौकशी झाली. रेडिओ प्रोसीजर बरोबर होती, असा शेरा पडला. मला तो शेरा नको होता. कुणीतरी मला झाडायला हवं होतं.

आता मी निवृत्त आहे, तळोज्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी बघतो. तिकडे शांतिसेनेत तुमच्यातलं कोण गेलं, असं लोक विचारतात. मी डेंगचं नाव घेतो. तो सैनिक नव्हता म्हटल्यावर ते विषय बदलतात.

अचोल शेजारच्या देशात निर्वासितांच्या छावणीत राहते. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. "थोरली आता बापाचं सगळं विचारते. त्या दिवशी तुमची गाडी निघाली होती ना?"

मी सुभाषला फोन केला. तो म्हणाला, "तुमीच बगा, हवालदार. मना नाय सांगता येनार."

मी अचोलला लिहिलं, निघाली होती, वाटेत अडवली.

लगेच तिचं उत्तर आलं. "डेंग शेवटपर्यंत हेच म्हणत होता. भाई निघाला असेल."